तारेच्या वरची सूज

“मॅडम, केस गळतायत तुमचे. बाळाचे मोजे उलटे करून बघत जा.”

लॅबमधल्या मावशी हे म्हणाल्या तेव्हा त्या बेसिनवर वाकून काचपट्ट्या धूत होत्या. मान वर न करता बोलल्या, जणू साबण संपत आलाय असं सांगत असाव्यात. ती हसली आणि “बरं मावशी” म्हणून पुढच्या बॅचची हजेरी घ्यायला निघून गेली.

त्यात तिचा फारसा दोष नव्हता. बाळंतपणाची रजा संपवून कामावर येऊन तिला तीनच दिवस झाले होते, आणि त्या तीन दिवसांत सल्ला द्यायचं कोणी बाकी राहिलं नव्हतं. ऑफिसातल्या क्लार्कबाई म्हणाल्या, बाळाला फार उचलू नका, सवय लागते. ग्रंथपाल म्हणाले, उचलत जा, नाहीतर मूल आईला विसरतं. स्वतःला मूलबाळ नसलेल्या विभागप्रमुख सरांनीसुद्धा पंख्याच्या वाऱ्याबद्दल दोन वाक्यं ऐकवली होती. त्या गर्दीत मावशींचं वाक्य या कानाने आलं आणि त्या कानाने गेलं. केस गळण्याचा नि मोज्यांचा संबंध काय, हे विचारावं असंही तिला वाटलं नाही.

तशी ती निष्काळजी बाई नव्हती. उलट काळजी हा तिचा जोडधंदाच होता. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, त्याच कॉलेजात प्रात्यक्षिकं घेणारी, आणि चार महिन्यांच्या मुलाची आई. मुलगा जन्मला तोच असा गरगरीत, की बापाने पहिल्या दिवशी त्याला ‘भोपळ्या’ म्हणून हाक मारली आणि खरं नाव दाखल्यावरच राहिलं. “भोपळ्याच्या खोडात अन्न नेणाऱ्या नळ्या आतूनही असतात नि बाहेरूनही,” तिने नवऱ्याला सांगितलं होतं. “बाकीच्या झाडांना एकाच बाजूला. हा दोन्हीकडून खाणारा.” “म्हणजे आईवर गेलाय,” नवरा म्हणाला होता.

या भोपळ्याच्या नावाने तिने एक वही घातली होती. किती वाजता प्यायला, किती वेळ प्यायला, लंगोट किती ओले झाले, ताप सकाळी किती, दुपारी किती, संध्याकाळी किती. ताप नसला तरी किती नाही तेही लिहिलेलं. सासूबाई त्या वहीला ‘पोलीस चौकी’ म्हणत. “चौकीत नोंद झाली का गं? आत्ताच शिंकला तो.” पण ती कामावर गेली की चष्मा चढवून, ओळ न सोडता, त्याच नोंदी करत.

मावशींच्या त्या वाक्यानंतर पंधरा दिवसांनी प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक येणार होते. नवरा नेहमीप्रमाणे फिरतीवर, दोन जिल्हे पलीकडे. सकाळी सातला तिने भोपळ्याला पाजलं, पुसलं, वाळलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोजे शोधले आणि घातले. हवा गार होती म्हणून एकावर एक दोन जोड.

“अगं, कशाला एवढं बांधतेस त्याला?” सासूबाई म्हणाल्या. “पाय उघडे राहू देत की. मूल आहे, पार्सल नव्हे.”

“आई, गार पडतात त्याचे पाय. मी येईपर्यंत काढू नका हं.”

“नाही काढत बाई. तुझं पार्सल तुला सीलबंद मिळेल.”

लॅबमध्ये पंचवीस सूक्ष्मदर्शक ओळीने मांडलेले होते. मावशींनी पहाटेच येऊन खोडांचे तुकडे पाण्यात घालून ठेवले होते, एका भांड्यात सूर्यफूल, दुसऱ्यात मका. प्रत्येक मुलीला नि मुलाला ब्लेडने खोडाचा कागदाहून पातळ काप काढायचा होता, लाल रंगात बुडवायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि ओळखायचा. दिसायला सोपं. सूर्यफुलाच्या कापात नळ्यांचे पुंजके कडेकडेने गोल बसलेले असतात, मुलांनी हात धरून फेर धरावा तसे. मक्याच्या कापात मूठभर मोहरी फेकावी तसे इथे तिथे विखुरलेले. फेर दिसला की एक घराणं, मोहरी दिसली की दुसरं. एवढं ज्याला दिसलं तो पास.

पण ती मुलांना त्यापुढचं एक वाक्य घोकून घ्यायला लावायची. सूर्यफुलाच्या त्या फेरातला प्रत्येक पुंजका दोन भागांचा असतो. आतल्या अंगाला जलवाहिन्या, त्या मुळांकडून पाणी वर नेतात. बाहेरच्या अंगाला रसवाहिन्या, त्या पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांना पोचवतात. “आतून वर, बाहेरून खाली,” ती म्हणायची, आणि अख्खी बॅच कंटाळलेल्या सुरात तिच्यामागून म्हणायची, “आतून वर, बाहेरून खाली.”

टेबलाच्या टोकाला त्या वर्षी एक नवा नमुना ठेवलेला होता, माळीकाकांनी आणून दिलेला. मनगटाएवढ्या जाड खोडाचा हातभर तुकडा. मध्यावर एक खोल खाच, खाचेच्या वर खोड सुजून मडक्यासारखं फुगलेलं आणि खाली निमुळतं. खाचेत काय आहे ते वरून दिसत नव्हतं, कारण सालीने ते गिळून टाकलं होतं. आत तार होती.

ती माळीकाकांचीच. फाटकाजवळच्या ताडाच्या रांगेची त्यांनी तीस वर्षं देखभाल केली होती. प्रत्येक ताडाला नंबराची पत्र्याची पट्टी, आणि पट्टी हलू नये म्हणून पिळून घट्ट केलेली तार. ताडाला कधी काही झालं नाही. ताड मक्याच्या घराण्यातला, आतल्या नळ्या सगळीकडे विखुरलेल्या, आणि उंच होईल तेवढा होईल पण घेर वाढवायचा नाही. तार बांधली तशीच राहायची. चार वर्षांपूर्वी मागच्या अंगणात फेरवाल्या घराण्यातली नवी रोपं लावली, तेव्हा माळीकाकांनी त्यांनाही तशाच पट्ट्या बांधल्या, तितक्याच घट्ट. त्यांच्या लेखी झाड ते झाड. रोपं जाड होत गेली, तार होती तेवढीच राहिली. महिन्यापूर्वी जरासं वारं सुटलं आणि त्यातलं एक झाड मुळासकट आडवं झालं. मुळं पार कुजलेली.

“पानं हिरवीगार होती हो मॅडम, आदल्या दिवसापर्यंत,” माळीकाका तो तुकडा देताना म्हणाले होते. “मला काय स्वप्न पडलं होतं?”

परीक्षा नऊला सुरू झाली. सव्वादहाला तिच्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. ती दाराबाहेर आली.

“काही नाही गं,” सासूबाई म्हणाल्या. “जरा रडतोय. पण तू काळजी करू नकोस.”

काळजी करू नकोस म्हटलं की तिची काळजी सुरू व्हायची. “किती वेळ झाला?”

“पाऊण तास. खांद्यावर घेतलं, फिरवलं, गाणं म्हटलं. माझ्या गाण्याने रडायचा थांबतो एरवी, बहुतेक घाबरून. आज तेही नाही.”

“ताप?”

“चौकीत लिहिलाय. नाही.”

“पोट कडक लागतंय का?”

“नाही. दात येत असतील.”

“चौथ्या महिन्यात?”

“याच्या बापाला आले होते.”

ती आत आली. एका मुलीचा काप इतका जाड होता की खालून उजेडच जाईना. तिने तो परत काढायला लावला. हात कामात, कान खिशात. पावणेअकराला पुन्हा फोन. आता दूधही घेत नव्हता. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायचा आणि किंकाळी फोडायचा. फोनमधूनही ते ऐकू येत होतं. ते नेहमीचं रडणं नव्हतं. नेहमीच्या रडण्यात तो मध्ये थांबून कोणी येतंय का ते बघायचा. आज तो कोणाची वाट बघत नव्हता.

“आई, कपडे सगळे काढून बघा. मुंगी, पिन, काही टोचत असेल.”

“सगळं काढलं. अगदी दिगंबर करून बघितला. मोजेसुद्धा काढले, तू रागावशील म्हणून सांगत नव्हते. काही नाही. एका पायाचं बोट तेवढं लाल झालंय, शेवटून दुसरं. मोज्याची शिवण रुतली असेल.”

“लाल आहे? निळं-काळं नाही ना?”

“छे, चांगलं लालभडक. टोमॅटोसारखं.”

तिचा जीव भांड्यात पडला. लाल म्हणजे रक्त पोचतंय. काही आवळलं गेलं असतं तर बोट पांढरं पडलं असतं, निळं पडलं असतं. कॉलेजात शिकलेल्या बाईने असा हिशेब केला आणि तो तिला पटलाही. “मग मोजे परत घाला, गार पडेल,” असं सांगून तिने फोन ठेवला. डॉक्टरांना दुपारी दाखवू. पोटच असणार.

परीक्षक आता तोंडी घेत होते. बारीक अंगाचे, मृदू बोलणारे गृहस्थ, प्रत्येक वस्तू भिंगाखाली धरायची सवय असलेले, म्हणून मुलांनी दहा मिनिटांत त्यांचं नाव ‘भिंग’ ठेवलं होतं. त्यांच्यासमोर उभी होती बॅचमधली सगळ्यात जास्त शंका काढणारी मुलगी, जिला सगळे ‘प्रश्नचिन्ह’ म्हणत. भिंगांनी माळीकाकांचा तुकडा तिच्यापुढे सरकवला.

“हे झाड मेलं. कशानं?”

“तारेनं, सर.”

“तार तर घट्ट होती. मग पाणी वर कसं गेलं? पानं शेवटपर्यंत हिरवी होती म्हणतात.”

“पाणी आतल्या नळ्यांतून जातं, सर. आतून वर. तार बाहेरून आवळते, तिथे रसवाहिन्या असतात. सालीच्या लगेच खाली. त्या आधी चेंगरल्या. त्यामुळे पाणी येत राहिलं, पण अन्नाला परत जायला वाट राहिली नाही. ते वरच अडकलं. म्हणून वर सूज.”

“म्हणजे पानं हिरवी दिसतात याचा अर्थ काय घ्यायचा?”

“एवढाच की आत येणारी वाट चालू आहे. जाणारी बंद आहे की नाही ते पानांवरून कळत नाही, सर. सुजेवरून कळतं.”

“आणि तार कुठे दिसते यात?”

“दिसत नाही. खाच तेवढी दिसते. आत गेलीय.”

ती दोन हात अंतरावर उभी राहून गुण लिहीत होती. पेन थांबलं. टोमॅटोसारखं, सासूबाई म्हणाल्या होत्या. टोमॅटो नुसता लाल नसतो. फुगीर असतो. लाल म्हणजे रक्त आत येतंय. बाहेर जातंय का? आणि मग बेसिनवर वाकलेली एक पाठ, पाण्याचा आवाज आणि ते वाक्य, पंधरा दिवसांनी, शब्दन्शब्द. केस गळतायत तुमचे.

ती कोणाला न विचारता बाहेर गेली. “आई, ते बोट सुजलंय का? शेजारच्या बोटापेक्षा जाड आहे?”

“थोडं आहे. रडून रडून असेल.”

“रडून बोट सुजत नाही आई. फोटो पाठवा. आत्ता.”

पहिला फोटो आला तो छताचा. दुसरा सासूबाईंच्या अंगठ्याचा, अत्यंत स्पष्ट. तिसऱ्यात हललेलं, धुरकट, पण बोट होतं. वरचं पेर पिकल्या करवंदाएवढं, मुळाशी एक रेघ, आणि रेघेखाली बोट एकदम बारीक.

“आई, त्या रेघेत काही आहे का बघा. केस. माझा केस.”

“चष्मा लावून बघितलं गं. काही नाही. गुबगुबीत आहे, वळी पडली आहे तिथे कातडीची.”

“वळी नाहीये ती. मोजे काढून ठेवा, मी येते.”

आत येऊन ती विभागप्रमुखांना म्हणाली, “सर, मला जायला हवं. बाळाचं बोट.” सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग भिंगांकडे पाहिलं. भिंगांनी टेबलावरचं स्वतःचं पितळी भिंग उचललं आणि तिच्यापुढे धरलं. “हे असू द्या. दहापट दिसतं,” ते म्हणाले. दाराशी मावशी तिचे बूट नि पर्स घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा तिने पूर्वी कधी न पाहिलेला होता, ओठ घट्ट मिटलेले.

“मोजा?” एवढंच त्या म्हणाल्या.

तिने मान हलवली.

“ओढाओढ करू नका. तुटला तर अर्धा आत राहतो. थेट दवाखान्यात न्या. इथलं मी बघते.”

घर बारा मिनिटांच्या वाटेवर होतं. ती निम्मी वाट पळली, निम्मी वाट पळतोय असं दिसू नये अशी चालली, कारण पळणाऱ्या बाईला लोक थांबवून विचारतात. धोब्याच्या दुकानापुढे वाफ, शाळेच्या कोपऱ्यावर लाल दिवा, दिव्यापाशी ती एकटीच उभी, रस्त्यावर एकही गाडी नाही, आणि तरी ती थांबली. पायांना सवय होती म्हणून. मग शुद्धीवर येऊन पलीकडे गेली. डोक्यात आकडे. सातला मोजे घातले, आता साडेअकरा. साडेचार तास. पावणेअकराला आपण ते परत घालायला सांगितले. झाड चार वर्षं टिकलं. बोट किती टिकतं? एम.एस्सी.ला हे नव्हतं.

दार उघडंच होतं. सासूबाई खिडकीपाशी उजेडात बसल्या होत्या, मांडीवर भोपळ्या. आता तो किंचाळत नव्हता. थकून, घसा बसून, हुंदक्या-हुंदक्याने कण्हत होता, आणि ते जास्त वाईट होतं. सासूबाईंनी पाय हातात उचलून धरला होता, जमिनीला टेकू न देता, कधीचा कोण जाणे.

ती गुडघ्यांवर बसली. भिंग डोळ्याशी धरलं, बोटं वेगळी केली. आयुष्यात हजारो काप पाहिलेला डोळा, पण पहिल्यांदा काहीच दिसेना, कारण भिंग हलत होतं. सासूबाईंनी दुसऱ्या हाताने तिचं मनगट पकडलं. मग दिसलं. खाच. खाचेच्या तळाशी, दोन्ही बाजूंनी कातडीने झाकलेली, एक तांबूस रेष. एका जागी कातडी थोडी कमी आणि तिथे ती रेष दुहेरी. दोन वेढे. तिचाच रंग. उन्हात धरला की तांबूस दिसतो, नवरा लग्नाआधी त्यावर काय काय बोलायचा.

“आहे,” ती म्हणाली.

सासूबाईंनी डोळे मिटले. “मी बघितलं होतं गं. दोनदा बघितलं होतं.”

“मीही तुम्हाला परत घाला म्हणाले. चला.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धिप्पाड, घाई नसलेल्या. दिव्याखाली बोट धरून त्यांनी विचारलं, “केव्हापासून?” उत्तर ऐकून चेहरा बदलला नाही, पण हातमोजे मात्र लगेच घातले. “बरं केलंत ओढलं नाहीत. वरच्या अंगाने कापावं लागेल. बधिर करते आधी.”

“कापावं म्हणजे?”

“केस कापायचाय. पण तो कातडीत गेलाय, त्यामुळे कातडीसकट. लहानसा छेद. उभा.”

उभा छेद, आडवा छेद. वर्षातून शंभर वेळा ती हे शब्द फळ्यावर लिहायची. आडवा घेतला तर सगळ्या नळ्या तुटतात, उभा घेतला तर त्यांच्यामधून वाट काढता येते. तिने भोपळ्याचं डोकं छातीशी धरलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. महिना कोणता ते तिला नंतर आठवेना. भोपळ्याने एकदा जोरात श्वास घेतला, रडायला म्हणून, आणि तो श्वास तसाच राहिला. मग सुटला. मग रडणं आलं, पण निराळं. मध्ये थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं.

“निघाला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिमट्याच्या टोकाला वीतभर केस लोंबत होता. “बघा, किती लांब. धुण्यात जातात हे मोज्यांत. आतल्या बाजूला अडकून बसतात. मूल बोटं हलवतं, प्रत्येक हलवण्यात एक वेढा.”

“बोट राहील?”

त्यांनी चिमटा बाजूला ठेवला. “संध्याकाळपर्यंत इथे थांबा. नखावर दाबायचं, पांढरं होईल. सोडायचं, आणि मोजायचं गुलाबी व्हायला किती वेळ लागतो. दोन मोजायच्या आत आलं पाहिजे.”

मग दुपार गेली ती नख दाबण्यात. बाकड्यावर सासू नि सून, मध्ये भोपळ्या झोपलेला. दाबायचं, सोडायचं, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचला आलं. वही घरी राहिली होती, म्हणून सासूबाईंनी पर्समधून केमिस्टची पावती काढली आणि तिच्या मागे लिहिलं: दीड वाजता, पाच. अडीच वाजता परत पाच. साडेतीनला पाच की चार यावर दोघींचं एकमत होईना. सासूबाईंनी चारच लिहिलं. नवऱ्याचा फोन आला, तो गाडीत बसला होता, पोचायला रात्र होणार. त्याने विचारलं, “कशामुळे झालं?” ती म्हणाली, “माझ्यामुळे.” सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

“केसामुळे झालं,” त्या मुलाला म्हणाल्या. “आणि गाडीत डबा नीट जेव. ठेवते.”

“आई, तुम्ही सकाळी म्हणाला होतात. पाय उघडे राहू देत.”

“मी दिवसभर शंभर गोष्टी म्हणते. त्यातली एखादी लागायचीच.” त्यांनी परत नख दाबलं. “ते लाल आहे म्हणून मीही स्वस्थ बसलेच की.”

पाच वाजता सूज उतरायला लागली. सहाला तिने नख दाबलं, सोडलं. एक. दोन. आणि गुलाबी. तिने परत दाबलं. मग सासूबाईंनी दाबलं. मग डॉक्टरीणबाईंनी, आणि त्या म्हणाल्या, “आता पुरे, झोपू द्या त्याला. जखम कोरडी ठेवा, परवा आणा. बोट राहील.” सासूबाईंनी पावतीवर ‘दोन’ लिहिलं आणि ती घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली.

तिसऱ्या दिवशी जखम दाखवून झाल्यावर ती कॉलेजात गेली. मागच्या अंगणात माळीकाका पक्कड घेऊन एकेका झाडापाशी वाकत होते. तारा तोडत होते. दोन झाडांत तार इतकी खोल गेली होती की त्यांना साल उभी चिरावी लागली. “जगतील का?” ते म्हणाले. “सूज उतरते का बघा,” ती म्हणाली. झाडांत ती उतरत नाही हे तिला ठाऊक होतं. पण मुळांना वरून काही पोचलं तर नवा पाला येतो, तो तरी दिसेल.

मावशी बेसिनवरच होत्या.

“राहिलं,” ती म्हणाली.

मावशींनी नळ बंद केला. ओले हात पदराला पुसून एवढंच म्हणाल्या, “देव पावला.” मग कधी न बसणाऱ्या त्या बाई स्टुलावर बसल्या. “आमच्या मोठीचं गेलं. डाव्या पायाचं मधलं. आम्ही मोजा काढायचो, लाल दिसायचं, परत घालायचो. काळं पडलं तेव्हा नेली. आता शिवणकाम करते, मशीन चालवते झकास, पण उघडी चप्पल कधी घालत नाही.”

“मावशी, हे मला का नाही सांगितलंत? नुसतं मोजे बघा म्हणालात. हे सांगितलं असतंत तर मी रोज बघितलं असतं.”

“तुम्ही आधीच दहा गोष्टींना घाबरायचात,” मावशी म्हणाल्या. “वही घेऊन हिंडायचात. म्हटलं अकरावी कशाला घालायची डोक्यात. हलकं करून सांगितलं.”

हलकं करून सांगितलेलं हलकंच घेतलं जातं, हे तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती कोणाला हलकं करून सांगत नाही. क्लार्कबाईंच्या भावजयीला सांगितलं, धोब्याच्या सुनेला सांगितलं, प्रश्नचिन्हाच्या बहिणीला सांगितलं, बोटासकट, मावशींच्या मोठीसकट. लोक हसतात, ‘बरं बरं’ म्हणतात. ती तेव्हा त्यांच्या ‘बरं’कडे लक्ष देत नाही, मोजा मागते.

आणि तुम्हालाही ती हेच विनवते आहे. तुमच्या घरात नसेल, तर बहिणीकडे, मित्राकडे, वरच्या मजल्यावर कुठेतरी तान्हं मूल असेलच, आणि त्याच्या आईचे केस गळत असतील. आत्ता फोन करा. ते रडत नसलं तरी करा. म्हणावं, मोजा काढ, उलटा कर, पायाची दहाही बोटं एकेक सुटी करून उजेडात बघ, हाताचीही बघ. आणि पलीकडून कोणी म्हणालं की लालच तर आहे, तर फोन ठेवू नका.